अडतिसाव्या अक्षवृत्तावर थांबता आले असते

उत्तर कोरियाने सप्टेंबर १९४८ मध्ये जी राज्यघटना स्वीकारली तिच्यात राजधानी म्हणून प्याँगयांगचे नाव नव्हते, सेऊलचे होते. सेऊल तेव्हा दक्षिणेच्या सरकारकडे होते आणि आजही आहे. पण १९७२ मध्ये नवी घटना येईपर्यंत, म्हणजे चोवीस वर्षे, कागदोपत्री प्याँगयांग ही तात्पुरती सोय होती. दक्षिण कोरियाच्या घटनेचे तिसरे कलम आजही संपूर्ण कोरियन द्वीपकल्प आणि लगतची बेटे हाच आपला प्रदेश मानते. उत्तरेकडच्या पाच प्रांतांसाठी सेऊलमध्ये एक सरकारी कचेरी आहे, त्या प्रांतांचे राज्यपाल रीतसर नेमले जातात, आणि त्यांतल्या एकालाही आपल्या प्रांतात पाऊल टाकता येत नाही. परक्या माणसाला हा प्रकार विनोदी वाटेल. १९५० ते १९५३ चे कोरियन युद्ध असे का वाहवत गेले हे कळण्यासाठी मात्र सुरुवात इथूनच करावी लागते.

दोन निराळ्या देशांत युद्ध होते तेव्हा एखादा टापू, एखादे बंदर किंवा नदीचे पाणी यावर सौदा होऊ शकतो, कारण दुसऱ्याचे अस्तित्व दोघांनीही गृहीत धरलेले असते. एकाच राष्ट्राच्या दोन तुकड्यांत युद्ध पेटते तेव्हा दोन्ही सरकारे अख्ख्या घरावर हक्क सांगत असतात आणि समोरच्याला शेजारी न मानता घुसखोर मानत असतात. अशा युद्धाला आपणहून थांबण्याची जागा सापडत नाही. ती बाहेरच्या कोणी तरी दाखवावी लागते आणि दाखवली की पाळावी लागते. कोरियात ती जागा सापडली होती. १९५० च्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आक्रमण परतवले गेले होते, दोन कोरियांमधली जुनी रेषा पुन्हा हाती आली होती, आणि ती ओलांडली तर काय होईल याची स्पष्ट सूचनाही मिळाली होती. तरीही ती ओलांडली गेली. युद्ध सुरू करण्याचा दोष उत्तरेचा आहे यात मला तिळमात्र शंका नाही. पण ते तीन महिन्यांवरून तीन वर्षांवर नेण्याचा दोष आक्रमण परतवणाऱ्यांच्या पदरात पडतो, आणि या युद्धाविषयी लिहिताना तो बहुधा हातचा राखून लिहिला जातो.

ती रेषा तरी काय योग्यतेची होती? १० ऑगस्ट १९४५ च्या रात्री, जपान शरण येण्याच्या बेतात असताना आणि सोव्हिएत फौजा कोरियात शिरलेल्या असताना, जपानी सैन्याची शरणागती कोणी कुठवर स्वीकारायची हे ठरवण्यासाठी डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील या दोन अमेरिकी लष्करी अधिकाऱ्यांना वॉशिंग्टनमध्ये अर्धा तास देण्यात आला. हाताशी नॅशनल जिऑग्राफिकचा नकाशा होता. सेऊल आपल्या बाजूला राहावे एवढे पाहून त्यांनी ३८ वे अक्षवृत्त सुचवले आणि मॉस्कोने ते घासाघीस न करता मान्य केले. डोंगर, ओढे, जिल्ह्यांच्या हद्दी, बाजारहाटाची गावे यांपैकी कशाचीही दखल त्या रेषेने घेतली नाही. आपल्याकडच्या वाचकाला इथे रॅडक्लिफ आठवल्याशिवाय राहणार नाही, पण ही तुलना फार ताणू नये. आपल्याकडे फाळणी मागणारा एक पक्ष तरी होता. कोरियात ती कोणीच मागितली नव्हती. १९१० पासून जपानच्या जोखडाखाली असलेल्या लोकांना स्वातंत्र्याच्या दिवशीच घराचे दोन भाग झालेले दिसले.

तात्पुरती म्हणून आखलेली रेषा पुढे घट्ट होत गेली. १९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा आयोग साऱ्या कोरियात निवडणुका घेण्यासाठी गेला. त्याचे अध्यक्षपद भारताच्या के. पी. एस. मेनन यांच्याकडे आले होते. उत्तरेने आयोगाला आत येऊ दिले नाही. मग १० मे रोजी फक्त दक्षिणेत मतदान झाले, १५ ऑगस्टला सिंग्मन री यांचे सरकार आले आणि ९ सप्टेंबरला उत्तरेत किम इल-सुंग यांचे. याच निवडणुकीला झालेल्या विरोधातून जेजू बेटावर उठाव झाला आणि तो ज्या क्रूरपणे चिरडला गेला त्यात हजारो गावकरी मारले गेले. म्हणजे २५ जून १९५० ला पहिली गोळी सुटली असे जे आपण म्हणतो ते आंतरराष्ट्रीय कायद्याच्या भाषेत खरे असले, तरी कोरियन माणसाच्या भाषेत पुरते खरे नाही. री 'उत्तरेकडे कूच' करण्याची भाषा उघडपणे बोलत होते, आणि अमेरिकेने त्यांना रणगाडे न देण्यामागे हेही एक कारण होते. किम यांना मात्र रणगाडेही मिळाले आणि परवानगीही. स्टालिन यांनी १९५० च्या आरंभी होकार दिला, मे महिन्यात माओ यांचीही संमती घेतली गेली. सोव्हिएत दप्तरे १९९० नंतर उघडली गेल्यापासून याविषयी वाद घालण्यात अर्थ उरलेला नाही. सुरुवात कोणी केली हा प्रश्न निकालात निघाला आहे.

२५ जूनच्या रविवारी पहाटे टी-३४ रणगाडे दक्षिणेत शिरले आणि चौथ्या दिवशी सेऊल पडले. त्या चार दिवसांतली एक गोष्ट मला साऱ्या युद्धाची कुंडली वाटते. अध्यक्ष री २७ जूनच्या पहाटेच शहर सोडून गेले होते, आणि त्याच रात्री रेडिओवरून त्यांचाच आवाज सेऊलकरांना धीर देत होता. तो ऐकून अनेक जण घरीच राहिले. काही तासांनी, २८ च्या पहाटे अडीचच्या सुमारास, हान नदीवरचा पूल दक्षिणेच्याच सैन्याने सुरुंग लावून उडवला. त्या वेळी पुलावर माणसे होती, गाठोडी होती, गाड्या होत्या, आणि नदीच्या उत्तरेला खुद्द दक्षिणेच्या सैन्याचा मोठा भाग अजून लढत होता. शेकडो माणसे नदीत गेली. ज्या अधिकाऱ्याने हुकुमाप्रमाणे सुरुंग पेटवला त्याला सप्टेंबरमध्ये गोळी घालण्यात आली आणि पुढे १९६४ मध्ये निर्दोष ठरवण्यात आले. सरकार परतले तेव्हा सेऊलमध्ये माणसांच्या दोन जाती तयार झाल्या होत्या: 'नदी ओलांडलेले' आणि 'मागे राहिलेले'. सरकारने दिलेला धीर खरा मानून, किंवा पूलच उरला नाही म्हणून, जे मागे राहिले त्यांच्यावर शत्रूला सामील झाल्याचा संशय आला आणि ओलांडून गेलेले देशभक्त ठरले. उत्तरेच्या तीन महिन्यांच्या अमलात लोकन्यायालयांनी माणसे मारली होती, सरकार परतल्यावर बदल्याने मारली. आणि उत्तरेचे सैन्य पोचण्याआधीच, माघार घेताना दक्षिणेच्या पोलिसांनी डाव्या विचारांच्या संशयावरून नोंदवून ठेवलेल्या लोकांची गावोगाव कत्तल केली होती. अख्ख्या घरावर हक्क सांगणाऱ्याला घरातली माणसे अशी दिसतात.

संयुक्त राष्ट्रांत जे घडले ते आपल्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या महिन्यात सुरक्षा परिषदेचे अध्यक्षपद भारताचे बेनेगल नरसिंग राव यांच्याकडे होते. चीनची जागा कम्युनिस्टांकडून हरून तैवानला गेलेल्या चँग कै-शेक यांच्या सरकारकडे ठेवल्याच्या निषेधार्थ सोव्हिएत प्रतिनिधी बैठकींना येत नव्हता, म्हणून नकाराधिकार वापरायलाच कोणी नव्हते. उत्तरेने माघार घ्यावी या पहिल्या ठरावाला भारताने मत दिले. दक्षिणेला मदत करावी या २७ जूनच्या दुसऱ्या ठरावालाही नंतर मान्यता दिली. त्या दुसऱ्या ठरावात दोन गोष्टी होत्या: सशस्त्र हल्ला परतवणे, आणि त्या प्रदेशात आंतरराष्ट्रीय शांतता व सुरक्षितता पुन्हा प्रस्थापित करणे. पहिली गोष्ट मोजता येण्यासारखी होती. दुसरी कितीही ताणता येण्यासारखी होती, आणि तीन महिन्यांनी ती चीनच्या सीमेवरच्या यालू नदीपर्यंत ताणली गेली.

ऑगस्टअखेर दक्षिणेच्या हाती आग्नेय कोपऱ्यातला बुसान बंदराभोवतीचा तुकडा तेवढा उरला होता, पण नाकतोंग नदीच्या काठी उत्तरेचे सैन्य अडले. १५ सप्टेंबरला, भरती-ओहोटीत तीस फुटांचा फरक असलेल्या इंचॉनच्या किनाऱ्यावर संयुक्त राष्ट्रांच्या फौजांचे अमेरिकी सेनापती जनरल मॅकआर्थर यांनी फौज उतरवली आणि उत्तरेच्या सैन्याची रसद तुटली. २९ सप्टेंबरला सेऊल समारंभपूर्वक री यांच्या स्वाधीन झाले. हल्ला परतवला गेला होता. युद्धाचा जाहीर केलेला हेतू तीन महिन्यांत पुरा झाला होता, आणि संयुक्त राष्ट्रांच्या नावाने लढलेल्या पहिल्या युद्धाला यापेक्षा स्वच्छ शेवट मिळाला नसता.

२ ऑक्टोबरच्या मध्यरात्रीनंतर पेकिंगमध्ये भारताचे राजदूत का. मा. पणिक्कर यांना झोपेतून उठवून चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांच्याकडे बोलावण्यात आले. निरोप निःसंदिग्ध होता. दक्षिण कोरियाच्या फौजांनी रेषा ओलांडली तर ती निराळी बाब समजू. अमेरिकी फौजांनी ओलांडली तर चीन स्वस्थ बसणार नाही. दिल्लीने तो वॉशिंग्टन आणि लंडनला कळवला. वॉशिंग्टनमध्ये पणिक्कर चीनधार्जिणे समजले जात. अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांना हा निरोप म्हणजे संयुक्त राष्ट्रांतल्या मतदानाच्या तोंडावर घातलेला दबाव वाटला. पणिक्करांच्या मतांविषयी शंका घेण्याला जागा होती हे कबूल केले पाहिजे. पण टपालवाला आवडत नाही म्हणून पत्र न वाचण्यासारखेच हे होते. ७ ऑक्टोबरला आमसभेने मोठ्या बहुमताने असा ठराव केला, की साऱ्या कोरियात स्थैर्य निर्माण करण्यासाठी योग्य ती पावले उचलावीत. भारताने पाठिंबा दिला नाही. त्याच सुमारास अमेरिकी फौजा उत्तरेत शिरल्या.

इथे नेहमी दोन आक्षेप येतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा, की रेषेवर थांबणे म्हणजे आक्रमकाला मोकळे सोडणे. किम यांनी चार वर्षांत पुन्हा सैन्य उभारून पुन्हा हल्ला केला असता. असेलही. पण त्यावर उपाय जो होता तोच शेवटी करावा लागला: रेषेच्या दक्षिणेला अमेरिकी फौज ठेवणे आणि हल्ला झाला तर लढू असा करार करणे. १९५३ पासून आजवर दक्षिण कोरियाचे रक्षण यानेच झाले आहे. हे १९५० च्या ऑक्टोबरमध्ये करता आले नसते असे कोणी दाखवून दिलेले नाही. दुसरा आक्षेप नव्या कागदपत्रांवरून येतो. माओ यांचा युद्धात उतरण्याकडे आधीपासून कल होता, तेव्हा रेषेवर थांबूनही चीन आलाच असता, असे म्हटले जाते. माओ यांचा कल होता हे खरे, पण त्यांचे सहकारी दुभंगलेले होते, चिनी सेनानी लिन बिआव यांनी सेनापतिपद टाळले, आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत निर्णय मागेपुढे होत राहिला. शत्रूच्या घरात असे मतभेद चालू असताना यालूकडे धावत सुटणे म्हणजे जे युद्ध नको म्हणत होते त्यांच्या हातून युक्तिवाद काढून घेणे होते.

मला वाटते त्या आठवड्यात विचार झाला तो चीनचा नव्हेच. समोर रिकामे मैदान दिसत होते आणि अख्खे घर आपले करण्याचा मोह दक्षिणेला होता तितकाच तिच्या पाठीराख्यांना झाला. जूनमध्ये किम यांनी जे केले तेच ऑक्टोबरमध्ये उलट दिशेने झाले: बळाने एकीकरण. दोन्ही वेळी सैन्य द्वीपकल्पाच्या जवळजवळ टोकापर्यंत पोचले. दोन्ही वेळी मागून एक मोठी सत्ता धावून आली आणि जिंकलेले काही आठवड्यांतच हातचे गेले. फरक एवढाच, की पहिल्या वेळी जगाने त्याला आक्रमण म्हटले आणि दुसऱ्या वेळी मुक्ती.

पुढचे थोडक्यात सांगतो, कारण लष्करी इतिहासात या हिवाळ्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. १५ ऑक्टोबरला वेक बेटावर मॅकआर्थर यांनी ट्रुमन यांना चीन येण्याची शक्यता अगदी थोडी असल्याचे सांगितले. १९ ला प्याँगयांग पडले आणि त्याच दिवशी चिनी सैन्य यालू ओलांडू लागले. त्यांनी एक तडाखा देऊन माघार घेतली तोही इशारा वाया गेला. मधल्या अरुंद पट्ट्यात थांबून उत्तरेला मोकळा टापू सोडावा ही ब्रिटिशांची सूचनाही मागे पडली. नाताळपर्यंत घरी परतण्याच्या आशेने २४ नोव्हेंबरला सुरू झालेली चढाई थोड्याच दिवसांत अमेरिकी सैन्याच्या सर्वांत लांब माघारीत बदलली. याच गोंधळात भारताच्या ६० पॅरा फील्ड अॅम्ब्युलन्सचे जवान लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या हाताखाली प्याँगयांगमध्ये होते. सामान वाहायला गाड्या नव्हत्या आणि औषधे व शस्त्रक्रियेची हत्यारे टाकून जायची त्यांची तयारी नव्हती. त्यांना एक जुने इंजिन आणि काही डबे सापडले. रांग लावून बादल्यांनी बॉयलरमध्ये पाणी भरले, आगगाडी चालवता येणारे दोघेचौघे पुढे झाले, आणि पूल उडवले जाण्याच्या आत सारा दवाखाना दक्षिणेला आला. भारताने सैनिक न पाठवता फक्त डॉक्टर पाठवले म्हणून त्या काळी टीका झाली होती. ती पुरती गैरवाजवी नव्हती. ठरावाला मान्यता देऊन लढाई दुसऱ्यांवर सोपवण्यात नेहरूंच्या धोरणाची सोय होतीच.

४ जानेवारी १९५१ ला सेऊल पुन्हा पडले, मार्चच्या मध्याला पुन्हा परत आले. नऊ महिन्यांत एका शहराने चार वेळा धनी बदलले. एप्रिलमध्ये चीनच्या भूमीवर युद्ध नेण्याचा आग्रह जाहीरपणे धरणाऱ्या मॅकआर्थरना ट्रुमन यांनी घरी पाठवले, वसंतातल्या चिनी चढाया अडल्या, आणि जूनपर्यंत सैन्ये जवळजवळ तिथेच येऊन ठेपली जिथून वर्षापूर्वी निघाली होती. १० जुलैला केसाँग इथे बोलणी सुरू झाली. नोव्हेंबरअखेर सीमारेषेवर तत्त्वतः एकमत झाले. मग युद्ध आणखी दीड वर्षाहून अधिक का चालले?

घोडे अडले ते युद्धकैद्यांवर. १९४९ चा जिनिव्हा करार सांगतो की लढाई थांबली की कैदी विनाविलंब सोडून मायदेशी पाठवावेत. पण संयुक्त राष्ट्रांच्या छावण्यांत जे सव्वा लाखाहून अधिक कैदी होते त्यांत चँग यांच्या सैन्यातून सक्तीने चिनी लाल सैन्यात आलेले होते, उत्तरेने पकडून भरती केलेले दक्षिणेचे शेतकरी होते. मायदेश कोणता हाच प्रश्न होता. एप्रिल १९५२ मध्ये चौकशी केली तेव्हा सुमारे सत्तर हजारच परत जायला तयार असल्याचे जाहीर झाले आणि बोलणी तुटल्यासारखी झाली. कोणालाही मृत्यूच्या किंवा गुलामीच्या दारात ढकलून शांतता विकत घेणार नाही अशी ट्रुमन यांची भूमिका होती. १९४५ नंतर युरोपातून जबरदस्तीने सोव्हिएत हद्दीत पाठवलेल्या माणसांचे काय झाले हे ठाऊक असलेल्या कोणालाही ती उथळ म्हणता येणार नाही. तरीही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. ज्यांच्या इच्छेसाठी हे चालले होते त्या छावण्यांत टोळ्यांचे राज्य होते; काही ठिकाणी कम्युनिस्ट परत जायला नकार देणाऱ्यांना, काही ठिकाणी त्यांचे विरोधक परत जाऊ पाहणाऱ्यांना बडवत होते, अंगावर घोषणा गोंदत होते. कोजे बेटावर तर मे १९५२ मध्ये कैद्यांनी छावणीच्या प्रमुख जनरललाच ओलीस धरले. तिकडे उत्तरेच्या छावण्यांत अमेरिकी कैद्यांपैकी दहांतले जवळजवळ चार आधीच मेले होते, आणि उरलेले सुटकेची वाट पाहत होते.

या काळात आघाडी हलली नाही, माणसे मात्र मरत राहिली. अमेरिकेच्या मृत व जखमी सैनिकांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक बोलणी सुरू झाल्यानंतरचे आहेत. ऑक्टोबर १९५२ मध्ये चेओरवॉनजवळच्या ३९५ मीटर उंचीच्या एका टेकडीसाठी दक्षिण कोरियाची एक डिव्हिजन आणि चिनी सैन्य दहा दिवस लढले. टेकडी सुमारे चोवीस वेळा या बाजूकडून त्या बाजूकडे गेली. तोफांनी तिच्यावरची सारी झाडी सोलून निघाली आणि वरून ती पडलेल्या पांढऱ्या घोड्यासारखी दिसू लागली, म्हणून तिचे नाव पांढऱ्या घोड्याची टेकडी पडले. आकाशातून बॉम्बहल्ले अखंड चालू होते. तीन वर्षांत ६,३५,००० टन बॉम्ब टाकले गेले. दुसऱ्या महायुद्धात साऱ्या पॅसिफिक आघाडीवर ५,०३,००० टन टाकले होते. शिवाय ३२ हजार टनांहून अधिक नापाम, म्हणजे अंगाला चिकटून जळणारे इंधन. उत्तरेत उभी इमारत उरली नाही तेव्हा मे १९५३ मध्ये धरणे फोडण्यात आली आणि भातखाचरे वाहून गेली. उत्तर कोरियाच्या आजच्या राजवटीविषयी मला काडीची आस्था नाही, पण तिथल्या माणसाला वेढ्यात असल्याची भावना कुठून आली हे कळायला प्रचाराची गरज पडत नाही.

कोंडी फोडण्याचे सूत्र भारताकडून आले. ३ डिसेंबर १९५२ ला आमसभेने कृष्ण मेनन यांचा मसुदा ५४ विरुद्ध ५ मतांनी मान्य केला: परत जायचे नसलेले कैदी तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाकडे सोपवावेत. सोव्हिएत गटाने तेव्हा त्याला शिव्याच दिल्या. ५ मार्च १९५३ ला स्टालिन गेले, हवा बदलली, आणि ८ जूनला जवळपास तेच सूत्र मान्य झाले. री यांनी १८ जूनला सुमारे २७ हजार उत्तर कोरियन कैद्यांना छावण्यांची दारे उघडून परस्पर सोडून दिले. त्यांना शस्त्रसंधी नकोच होती, कारण तिच्यात अख्खे घर नव्हते. तरी २७ जुलैला सकाळी दहा वाजता पानमुनजोमला सह्या झाल्या. दक्षिण कोरियाची सही त्या कागदावर नाही.

नवी रेषा अक्षवृत्ताला तिरकी छेदून गेली. केसाँग युद्धाआधी दक्षिणेत होते ते उत्तरेत गेले. चेओरवॉन उत्तरेत होते ते दक्षिणेत आले. तिथे उत्तरेच्या सत्ताधारी कामगार पक्षाच्या जुन्या कचेरीचा गोळ्यांनी चाळण झालेला सांगाडा अजून उभा आहे. तीन वर्षे, वीस लाखांहून अधिक माणसे, आणि एवढीच अदलाबदल.

पुढच्या भागाशी मराठी माणसाचा थेट संबंध आला. पाच राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या झाले आणि कैद्यांच्या राखणीला गेलेल्या सुमारे सहा हजार भारतीय जवानांचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव थोरात, मूळचे कोल्हापूरकडचे. री यांनी भारतीय सैनिकांचे पाऊल आपल्या भूमीवर पडू देणार नाही असा हट्ट धरला, म्हणून त्यांना इंचॉनजवळ जहाजांवरून हेलिकॉप्टरने उचलून थेट निःसैनिकी पट्ट्यात उतरवावे लागले. तिथल्या तंबूंच्या वस्तीला त्यांनी हिंदनगर नाव दिले. दक्षिणेकडून २२,६०४ कैदी आले, त्यांत १४,७०४ चिनी, उत्तरेकडून ३५९. कैद्यांना भारतीय जवान कम्युनिस्टांचे हस्तक वाटत होते. दगड आले, दंगली झाल्या, गोळीबार करावा लागला आणि काही कैदी मेले. एकदा कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला ओढून कुंपणाआड नेले, तेव्हा थोरात स्वतः शस्त्राशिवाय आत गेले आणि बोलून-समजावून त्याला सोडवून घेऊन आले.

१५ ऑक्टोबरपासून 'समजावणी' सुरू झाली. कैद्याला तंबूत आणले जाई. समोर त्याच्या देशाचे अधिकारी बसलेले. ते त्याला सांगत, घरी चल, आईबाप वाट पाहताहेत, मागचे सारे माफ आहे. बाजूला पाच तटस्थ देशांचे प्रतिनिधी. तंबूला बाहेर पडायला दोन दारे: एक मायदेशाकडे, दुसरे नकाराकडे. काही कैदी आत येताच ओरडत, थुंकत, खुर्च्या फेकत. काही गप्प उभे राहत. काही एकदम पहिल्या दारातून पळत सुटत, कारण मागच्या छावणीत तसे बोलण्याचीही त्यांची छाती नव्हती. चिनी अधिकाऱ्यांनी एकेकाला तासन्‌तास धरून ठेवले, कोरियन कैद्यांच्या छावण्यांनी तंबूत यायलाच नकार दिला, आणि ठरलेल्या नव्वद दिवसांत समजावणी फार थोडे दिवस होऊ शकली. दक्षिणेकडून आलेल्या बावीस हजारांपैकी सहाशेच्या वर माणसे घरी परतली. छावणीतल्या टोळ्यांची भीती नसती तर आकडा निराळा आला असता हे थिमय्यांच्या आयोगाने नोंदवले आहे. निवड मोकळी नव्हती. पण तीन वर्षांच्या त्या साऱ्या युद्धात एखाद्या कोरियनाला किंवा चिन्याला समोर बसवून, एकट्याला, तुला कुठे राहायचे आहे असे कोणी विचारले असेल तर ते याच तंबूत. रेषा आखताना कोणी विचारले नव्हते, ओलांडताना विचारले नव्हते, पूल उडवताना तर नव्हतेच.

१९८३ मध्ये दक्षिण कोरियाच्या दूरचित्रवाणीने ताटातूट झालेल्या नातलगांचा शोध घेण्याचा कार्यक्रम थोड्या तासांसाठी म्हणून सुरू केला. तो १३८ दिवस चालला आणि दहा हजारांवर कुटुंबे भेटली. ती बहुतेक दक्षिणेतल्या दक्षिणेतच हरवलेली होती. सीमेपलीकडच्यांच्या मोजक्या भेटी १९८५ मध्ये एकदा आणि मग २००० पासून झाल्या, शेवटची २०१८ मध्ये. जानेवारी २०२४ मध्ये किम जोंग-उन यांनी एकीकरणाचे ध्येयच सोडल्याचे जाहीर केले आणि प्याँगयांगमधली एकीकरणाची कमान पाडली गेली. आजोबा किम इल-सुंग यांच्या घटनेत सेऊल राजधानी होती. नातवाच्या भाषेत ते परक्या शत्रूचे शहर झाले. दावा सोडणे म्हणजे वैर सोडणे नव्हे, आणि ज्याच्यापाशी अण्वस्त्रे आहेत त्याने शेजाऱ्याला परका म्हणणे दिलासादायक नाही. पण अख्ख्या घराचा हक्क दोघांपैकी एकाने तरी कागदावरून पुसला, हे सत्तर वर्षांत प्रथमच घडले आहे.

हिंदनगरमधले कैदी जानेवारी १९५४ मध्ये ज्याच्या त्याच्या बाजूला परत सोपवले गेले. त्यांतल्या ८८ जणांनी मात्र उत्तर नको, दक्षिण नको, चीन नको आणि तैवानही नको असे सांगितले. अशांना तटस्थ देशात जायला मदत करावी, एवढेच करारात होते. थोरातांचे जवान परत निघाले तेव्हा ते त्यांच्याबरोबर भारतात आले. पुढे काही ब्राझीलला गेले, काही अर्जेंटिनाला, आणि काही इथेच राहिले.